काळी, पांढरी आणि किल्लारी

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी खेड्यावर एक तरी लेख आणि दोन-तीन तरी कविता असतातच. त्यांतले खेडे बहुधा एकाच साच्यातले असते. पहाटेची घुंगरे, नदीचा काठ, पिंपळाचा पार, भोळीभाबडी माणसे आणि शेवटी शहराला दिलेला एखादा शाप. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी खेड्यातून येतात, तरीही लिहायला बसलो की आपण डोळ्यांनी पाहिलेले खेडे बाजूला ठेवतो आणि पाठ्यपुस्तकातले खेडे कागदावर उतरवतो, याचे मला नवल वाटते. या लेखात मला एका खऱ्या खेड्याविषयी आणि त्याच्या भोवतालच्या मुलखाविषयी लिहायचे आहे. त्या खेड्याचे नाव किल्लारी. हे नाव ऐकले नाही असा माणूस मराठवाड्यात मिळणार नाही. परंतु नाव ठाऊक असणे आणि गाव ठाऊक असणे यांत फार अंतर आहे. आमच्या पिढीला ‘भूकंपग्रस्त’ हा शब्द मुख्यतः नोकरीच्या जाहिरातीतील दोन टक्के समांतर आरक्षणाचा एक रकाना म्हणून माहीत आहे. रकान्यामागचे गाव आम्ही विसरत चाललो आहोत, आणि ते विसरणे आपल्याला परवडणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

किल्लारी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात, तेरणा नदीच्या खोऱ्यात आहे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा सारा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. याच तेरणेच्या काठी वरच्या अंगाला तेर आहे, म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदींत ज्याचे नाव येते ते व्यापारी नगर आणि संत गोरोबा काकांचे गाव. औसा तालुक्यातच खरोशाला जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा पुढे गोदावरीला. म्हणजे किल्लारीच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणी अखेर नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदामाईच्या पदरात पडते. हा आडरानातला, इतिहास नसलेला मुलूख नव्हे. दोन हजार वर्षे माणूस येथे घरे बांधून, ज्वारी-तूर पिकवून राहत आला आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. हे शब्द नुसते मातीच्या रंगावरून पडलेले नाहीत. काळीने पिकवायचे आणि पांढरीने राहायचे, असा तो अलिखित करार आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, पुन्हा त्याच जागी उभी राहिली, चुलींची राख, भिंतींची माती, जनावरांचे शेण त्याच जमिनीत मुरले आणि गावठाण भोवतालच्या शिवारापेक्षा उंच झाले. कोणत्याही जुन्या गावाकडे दुरून पाहिले की गढी आणि तिच्याभोवतीची घरे टेकाडावर बसल्यासारखी दिसतात, त्याचे कारण हे आहे. ती टेकडी निसर्गाने केलेली नसते, माणसांनी राहून राहून केलेली असते. पांढरी ही अशी कमावलेली जमीन असते.

या पांढरीवर जी घरे होती त्यांची बांधणी समजून घेतल्याखेरीज १९९३ समजणार नाही. भिंती दोन-तीन, कोठे चार फूट रुंद. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, मध्ये चिपा आणि मातीचा भराव. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचे माळवद. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर मातीचा नवा थर द्यायचा. आजोबाने दिला, बापाने दिला, नातवाने दिला. जुना थर काढण्याची पद्धत नव्हती. चाळीस-पन्नास वर्षांत त्या छपराचे वजन किती झाले असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ही घरे उन्हाळ्यात थंड होती, चोराचिलटांपासून सुरक्षित होती, त्यांना लागणारा दगड आणि माती शिवारातच मिळे. उन्हासाठी, पावसासाठी आणि भयासाठी ही घरे बांधली होती. जमीन हलेल हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, कारण दख्खनचे पठार अचल आहे अशी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता.

जमीन मात्र इशारा देत होती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते, ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक बऱ्यापैकी मोठा होता. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, पुन्हा घरात गेले. पुढच्या वर्षी २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे उशिरा झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. धक्का ६.२ ते ६.४ क्षमतेचा, जगाच्या मानाने मध्यम. पण त्याचे मूळ जमिनीत फार खोल नव्हते, आणि वर ती घरे होती. भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना बांधणारा आरपार दगड मध्ये नव्हता. दगड आत कोसळले आणि मागोमाग माळवदाची टनावारी माती. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंतीच तेवढ्या माणसांवर आल्या. सरकारी नोंदींत मृतांचा आकडा ७,९२८ आहे, इतर नोंदींत तो दहा हजारांच्या जवळ जातो. त्याच सुमाराच्या शक्तीचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला झाला होता. तेथे बळी गेले ते दोनशेच्या आत. भूकंप माणसे मारीत नाही, घरे मारतात, हे वाक्य आपण भूगोलाच्या वर्गात ऐकतो. किल्लारीने त्याचा अर्थ दाखवला.

त्यानंतर जे झाले ते एका अर्थाने विलक्षणच होते. साऱ्या देशातून माणसे धावून आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवायची असे ठरले. किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी अशी ही नावे. अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. काही वर्षांत सिमेंटची हजारो घरे उभी राहिली. रुंद रस्ते, वीज, नळ, शाळा, समाजमंदिरे झाली. एवढ्या थोड्या काळात एवढे काम आपल्या सरकारी यंत्रणेने क्वचितच केले असेल. ज्यांनी ते केले त्यांचे ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. लोकही त्या जागेला भ्याले होते. जेथे लेकरे गाडली गेली तेथे पुन्हा चूल मांडण्याची छाती कितीकांना झाली असती?

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो मुळाशी आहे. घरे बांधली गेली, पण गाव बांधायचे राहून गेले.

पहिली गोष्ट घराच्या मापाची. स्थलांतरित गावांत घर कोणाला किती मोठे द्यायचे हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरांच्या वर असेल त्याला ७५०. धान्य, औजारे, जनावरे यांना जागा लागते, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याच्या घरात माणसे कमी असतात काय? मृत्यूने त्या पहाटे कोणाचा सातबारा पाहिला नव्हता. पुनर्वसनाने तो पाहिला. गावाची नवी मांडणी कोऱ्या कागदावर करण्याची संधी शतकातून एकदा येते. ती आली तेव्हा आपण जुनी उतरंड पुसण्याऐवजी चौरस फुटांत मोजून सिमेंटमध्ये पक्की केली.

दुसरी गोष्ट मांडणीची. नवी गावे आखली गेली ती शहरातल्या वसाहतींसारखी, सरळ रेषेत, सुटी सुटी घरे आणि मध्ये रुंद रस्ते. जुन्या गावापेक्षा नव्याने कित्येक पट जागा व्यापली आणि ती जागा कोठून आली? शिवारातून. म्हणजे पांढरी काळीवर जाऊन बसली. ज्या जमिनीने पिकवायचे तिच्यावर रस्ते आखले गेले. गल्ली गेली, आणि गल्लीबरोबर ओट्यावरचे बसणे गेले, दळणकांडण करताना चालणारे बायकांचे बोलणे गेले, तापलेल्या लेकराला पाहायला पाच पावलांत येणारी शेजारीण गेली. गोठा, कडब्याची गंजी, शेणाचा उकिरडा यांना नकाशात नीट जागाच नव्हती, जणू शेतकरी म्हणजे नुसता रात्री झोपायला घरी येणारा माणूस. जुन्या चावडीच्या, पाराच्या, वेशीच्या जागी समाजमंदिर आले. ते कुलपाचे झाले की त्याची किल्ली कोणाकडे तरी राहते. पाराला किल्ली नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, निर्णय कोणाचा? घर कोठे, कसे, कशाचे, हे प्रायः दुसऱ्यांनी ठरवले. घरमालकाने स्वतःच्या घराचा ताबा घेतला तो पाहुण्याप्रमाणे. ज्या कार्यक्रमात हा दोष होता त्याच कार्यक्रमात त्याचे उत्तरही होते. ज्या शेकडो गावांत घरे पूर्ण पडली नव्हती तेथे दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनीच, हप्त्याहप्त्याने मिळालेल्या पैशातून केले. त्यासाठी गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. आरपार दगड कोठे घालायचा, दाराखिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा कशासाठी, माळवदाचे वजन का उतरवायचे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी इतरांना शिकवले. ज्या बाईला कालपर्यंत ग्रामसभेत बोलू देत नव्हते ती गवंड्याला जाब विचारू लागली. माझ्या मते साऱ्या पुनर्वसनातील हे खरे बांधकाम होय.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही जुन्या गावाचे गोडवे गाता, पण ते गाव सर्वांचे होते काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या पांढरीला गावकूस होते आणि गावकुसाबाहेर माणसे होती. ज्या आडाचे आपण गहिवरून वर्णन करतो त्या आडावर सर्वांना पाणी भरता येत नव्हते. ज्या पाराची किल्ली नसते असे मी वर म्हटले, त्या पारावर बसण्याची मुभाही सर्वांना नव्हती. म्हणून जुने गाव होते तसे परत आणा असे मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की नव्या गावाने कूस पाडावे आणि शेजार राखावा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शेजार पडला आणि कूस अदृश्य रूपात राहिले. लहान घरांची ओळ कोणती आणि मोठ्या घरांची कोणती हे नव्या गावात शिरणाऱ्या पाहुण्यालाही कळते.

दुसरा आक्षेप असा, की जीव वाचणे महत्त्वाचे, ओटा आणि गल्ली हे चोचले आहेत. मला हे मान्य नाही. जीव वाचवणारे घर आणि राहता येणारे घर यांत निवड करण्याची वेळच यायला नको. जगात इतरत्र हे साधले आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये प्रचंड भूकंप झाला तेव्हा गुजरातने लातूरचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवला. बहुतेक गावे जागेवरच राहू दिली, पैसा आणि तांत्रिक सल्ला घरमालकाला दिला आणि बांधायचे काम त्याच्याकडे सोपवले. २७ मे २००६ च्या पहाटे इंडोनेशियात जावा बेटावर योग्यकर्ता शहराच्या परिसरात ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. आपल्याइतकाच धक्का, आपल्यासारखाच खेड्यांचा दाट मुलूख, सुमारे ५,७०० बळी. तेथे न्गलेपेन नावाची एक वाडी नव्या जागी हलवून पांढऱ्या घुमटांच्या घरांची वसवली. घुमट मजबूत आहेत आणि पर्यटक ते पाहायला येतात. पण घर म्हणजे पाहण्याची वस्तू नव्हे, आणि गोल घराला पुढे खोली जोडायची म्हटले तर पंचाईतच. त्याच जिल्ह्यांत बाकीच्या बहुसंख्य गावांनी दुसरी वाट धरली. दहा-पंधरा कुटुंबांचा गट करायचा, सरकारी पैसा गटाच्या हाती द्यायचा आणि सर्वांनी मिळून एकमेकांची घरे उभारायची. या एकमेकांस साहाय्य करण्याला तेथे ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. आपल्याला तो शब्द परका वाटेल, पण गोष्ट परकी नाही. आपल्याकडे तिला इर्जिक म्हणतात. एकाच्या शेतात सारे गाव बैल घेऊन राबते, तो सर्वांना जेवू घालतो आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात जातो. जी इर्जिक नांगरटीला चालते ती घर बांधायला का चालू नये? किल्लारीच्या वेळी हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला असता, तर नव्या गावांचे रूप वेगळे झाले असते.

हा सारा विषय जुना झाला असे कोणाला वाटत असेल तर त्याने आजूबाजूला पाहावे. २००२ साली भूकंपाचा नकाशा सुधारला गेला आणि किल्लारीचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात आला. २१ मार्च २०२४ आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचे धक्के बसले आणि ते नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. आपण त्या दिवशी बाहेर धावलो, मोबाइलवर एकमेकांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. १९९२ मध्ये किल्लारीनेही हेच केले होते. आमच्या भागातल्या कित्येक गावांत जुनी दगडमातीची माळवदे आजही आहेत आणि त्यांवर मातीचे थर चढतच आहेत. दुसरीकडे पुनर्वसित गावांतली कुटुंबे वाढली, पोरांची लग्ने झाली, अडीचशे फुटांत भागेना. मग मजबूत घराला लागून मिळेल त्या विटेची, दगडाची खोली जोडली गेली, पट्टा नाही, सांधा नाही. पहिल्या घराने शिकवलेला धडा दुसऱ्या खोलीपर्यंत पोचला नाही, कारण तो धडा लोकांनी स्वतःच्या हाताने गिरवलेलाच नव्हता.

आणि गाव हलवण्याचा प्रश्न केवळ भूकंपापुरता नाही. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प कित्येक दशके रेंगाळला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली आणि हसनाळ, रावणगाव या गावांत रात्रीतून पाणी शिरले, माणसे आणि जनावरे दगावली. जी गावे उठणार हे सर्वांना ठाऊक होते ती उठेपर्यंत पाणी थांबले नाही. किल्लारीला आधी आपत्ती आणि मग पुनर्वसन, येथे पुनर्वसन आधी ठरलेले आणि तरी आपत्ती. दोन्हीकडे एकच गोष्ट कमी पडली. गावाला गाव म्हणून कोणी विचारले नाही, घरांची यादी म्हणून विचारले.

आता आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी यात काय करायचे? अभियंते पट्टे आणि सांधे पाहतील, ते त्यांचे काम आहे. पण पांढरी म्हणजे काय, गल्ली कशी होती, कोणाचे घर कोणाच्या घराला खेटून होते, कोणत्या वेशीतून कोणाला येऊ देत नव्हते, त्या रात्री कोणी कोणाला ओढून काढले आणि नव्या गावात पहिली चूल कोणी पेटवली, ही नोंद अभियंता करणार नाही. ती आपली जबाबदारी आहे. त्या पहाटे जो विशीत होता तो आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. जे तेव्हा पन्नाशीत होते त्यांतले थोडेच उरले आहेत. माझी सूचना अशी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कोठे तरी झाडे लावून आणि रस्ता झाडून संपते. ते एक वर्ष पुनर्वसित गावात न्यावे. मराठीच्या मुलांनी म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गावाच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. इतिहास-भूगोलाच्या मुलांनी जुन्या गावठाणाचा घराघराचा नकाशा करावा, त्यात गावकुसाबाहेरची घरेही असावीत. समाजशास्त्राच्या मुलांनी घराचे माप आणि घरातली माणसे यांचा हिशेब मांडावा. अर्थशास्त्राच्या मुलांनी काळीतली किती जमीन पांढरीखाली गेली ते काढावे. आणि हे सारे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका फडताळात ठेवावे, म्हणजे पुढे जेव्हा कोठले तरी गाव हलवण्याची वेळ येईल तेव्हा आखणी करणाऱ्यापुढे कोरा कागद असणार नाही.

मी किल्लारीच्या जुन्या जागेवर गेलो आहे. वेड्या बाभळी माजल्या आहेत, दगडांचे ढीग आहेत, मध्येच एखादा चौथरा ओळखू येतो. दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी मानवंदना होते, पुष्पचक्रे वाहिली जातात. ते योग्यच आहे. पण मेलेल्यांना वंदन करणे वर्षातून एका सकाळीत उरकते. जिवंतांनी काय शिकायचे ते शिकायला उरलेले तीनशे चौसष्ट दिवस असतात, आणि त्यांतले थोडे जरी आपण त्या गावांना दिले तरी पुढच्या वार्षिकांकातला खेड्यावरचा लेख घुंगरांनी सुरू होणार नाही.